भरती वजा केल्यावर

कोकणपट्टीत भरतीची वेळ काढायला पंचांग पुरतं. तिथीची पाऊणपट करायची, की झालं. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. जुन्या शाळांतून घोकून घेतलेली पाउणकी बंदरावर अशी कामाला येते. या हिशेबाला पक्का आधार आहे. एका तिथीत चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकतो आणि बारा अंश म्हणजे आकाशातली अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊण तास त्याहून तीनच मिनिटांनी कमी. मुंबईच्या आसपास हा आडाखा अर्ध्या-पाऊण तासाच्या आत बसतो आणि होडी लोटायला तेवढं भागतं.

बंदरात जहाज आणायचं तर ते भागत नाही. मोठ्या उधाणाला मुंबईत पाणी पाच मीटरच्या घरात वरखाली होतं, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत त्याच्या निम्म्याहूनही कमी. चंद्राची बारा तास पंचवीस मिनिटांची लय, सूर्याची बरोब्बर बारा तासांची, चंद्र जवळ-लांब होण्याची, त्याच्या उत्तर-दक्षिण कलण्याची, अशा अनेक लयी एकावर एक चढून भरतीची रेषा तयार होते. १८७९ मध्ये भारतातल्या बंदरांसाठी लंडनमध्ये एक यंत्र बनवलं गेलं. एकेका लयीसाठी एकेक चाक, अशी वीस चाकं, त्यांवरून फिरणारी एकच दोरी आणि दोरीच्या टोकाला लेखणी. चाकं फिरवली की वर्षभराची भरती कागदावर उतरायची. आज हेच काम संगणक करतो, पण तत्त्व तेच आहे.

भरती इतकी नेमकी सांगता येते, म्हणून ती वजाही करता येते. प्रत्यक्ष मोजलेल्या पाण्यातून गणितानं काढलेली भरती वजा केली की हातात एक बाकी उरते. ती कधी दोन सेंटिमीटर असते, कधी वीस, क्वचित दोन मीटर. वादळानं ढकललेलं पाणी तिच्यात असतं, त्सुनामी तिच्यात असते आणि शंभर वर्षांत वाढत गेलेला समुद्रही तिच्यातच असतो. नैसर्गिक आपत्ती आणि हवामानबदल यांवरच्या आंतरराष्ट्रीय सहकार्याचा विषय निघाला की उपग्रह आणि परिषदा डोळ्यांपुढे येतात. मला मात्र धक्क्यावरची एक नळी आणि ही बाकी आठवते. या बाकीचा एक गुण ज्यानं ओळखला, त्याला सहकार्य का लागतं हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. एकाच बंदरातली बाकी कितीही काटेकोर मोजली तरी तिचा अर्थ त्या बंदरात सापडत नाही.

आधी नळीविषयी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

जुन्या पद्धतीचं टाइड गेज, म्हणजे भरतीमापक, ही धक्क्याला लावलेली एक उभी विहीर असते. साधारण हातभर रुंद नळी, तळाशी एक लहान भोक. भोकाचा व्यास नळीच्या व्यासाच्या साधारण दहावा भाग, म्हणजे क्षेत्रफळ शंभरावा भाग. बाहेर वाऱ्याच्या लाटा दर पाच-दहा सेकंदांनी आपटत असतात. एवढ्याशा भोकातून त्यांना आत शिरायला वेळच मिळत नाही, पण सहा तास चढणारी भरती निवांत आत येते. आत तरंगणारा फ्लोट, त्याला तार, तारेच्या दुसऱ्या टोकाला वजन आणि मध्ये लेखणी. घड्याळावर फिरणाऱ्या पिंपावर गुंडाळलेल्या कागदावर रेघ उमटत जाते.

बिघडतं काय? सगळ्यात आधी भोक. गाळ साचतो, कालवं आणि शिंपले चिकटतात, भोक अरुंद होत जातं. मग विहिरीतलं पाणी बाहेरच्या पाण्यामागे रेंगाळतं. कागदावर भरतीचा माथा उशिरा आणि बुटका येतो, सुकतीचा तळ उशिरा आणि उथळ. रोज बघणाऱ्याला हा बदल कळत नाही, इतका तो हळू होतो. दुसरी भानगड पावसाळ्याची. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला वरून गोडं पाणी येतं आणि ते विहिरीत भरतं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्याहून अडीच टक्क्यांनी जड. बाहेर भरतीचं खारं पाणी चढलं की आतला हलका स्तंभ त्याला तोलून धरण्यासाठी जास्त उंच उभा राहतो. भोकाच्या वर चार मीटर पाणी असेल तर ही चूक दहा सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते. आपण वर्षाला मिलिमीटर-दोन मिलिमीटरची वाढ शोधत असतो, तेव्हा दहा सेंटिमीटर ही फार मोठी चूक आहे. तिसरं घड्याळ. दिवसाला दोन-तीन मिनिटं मागे पडणारं घड्याळ जहाजांना चालतं. लाट या बंदरातून त्या बंदरात किती वेळात पोचली हे काढायचं असेल तर चालत नाही.

यावर एक सुरेख तपासणी आहे. भरतीच्या एका पूर्ण फेऱ्यात, साडेबारा तास, दर दहा-पंधरा मिनिटांनी हातानं टेप सोडून पाण्याची पातळी मोजायची आणि त्याच क्षणी यंत्र काय सांगतं तेही लिहायचं. मग आलेख काढायचा. उभ्या अक्षावर पाण्याची उंची, आडव्या अक्षावर दोन्ही आकड्यांतला फरक. यंत्र निरोगी असेल तर उभी सरळ रेघ येते. रेघ तिरकी आली तर मोजपट्टीत चूक आहे. आणि लंबगोल आला, म्हणजे चढत्या पाण्यात एक फरक आणि उतरत्या पाण्यात उलटा, तर घड्याळ चुकतंय किंवा भोक बुजतंय. टेप, वही आणि एका माणसाचा एक दिवस, एवढ्या खर्चात रोगाचं निदान होतं.

आता बहुतेक ठिकाणी रडार बसवतात. धक्क्याच्या कडेला आडवा खांब, टोकाला भोंग्यासारखा संवेदक. तो खाली लहरी सोडतो आणि पाण्यावरून परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. विहीर नाही, गाळ नाही, गोड्या पाण्याची भानगड नाही. पण त्याखाली कोणी होडी बांधली की समुद्र अचानक मीटरभर वर आलेला दिसतो. पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन नसतं, तेव्हा सौर पॅनेलवरची बॅटरी मोठी ठेवावी लागते. आणि खरी मोठी लाट आली तर रडारच पाण्याखाली जाईल, म्हणून त्याच जागी तळाशी दाबमापकही लावतात. रडार गेलं तरी पाण्याचा दाब मोजणारा तो खाली जिवंत राहतो. गोव्यात मांडवीच्या काठी वेरें इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं असं रडार उभारलं आणि त्याचे आकडे मोबाइलच्या जाळ्यावरून पाठवायची सोयही संस्थेनंच घडवली.

आता बाकीकडे. तिच्यातला सगळ्यात घाईचा भाग म्हणजे त्सुनामी.

२८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे, साडेतीनच्या सुमाराला, मकरान किनाऱ्यावर पस्नीजवळ समुद्राखाली ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. मकरान म्हणजे आजच्या पाकिस्तान आणि इराणचा दक्षिण किनारा. अरबी समुद्राचा तळ तिथे युरेशियाच्या खाली सरकतो. पस्नीला लाट लवकरच पोचली. मुंबईला ती आली सकाळी सव्वाआठच्या सुमाराला, तेव्हाच्या नोंदीनुसार उंची सुमारे दोन मीटर, आणि इथेही पंधराजण दगावल्याची नोंद आहे. एवढा वेळ का लागला? त्सुनामीचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. तीन हजार मीटर खोल समुद्रात ती तासाला सहाशे किलोमीटरहून अधिक वेगानं जाते. पण मुंबईसमोर खंडाचा उथळ मंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा कमी खोलीचा समुद्रतळ, जवळजवळ तीनशे किलोमीटर रुंद आहे. तिथे ऐंशी मीटर खोलीत तिचा वेग तासाला शंभर किलोमीटरवर येतो. नुसता तो मंच ओलांडायलाच तिला तीनेक तास लागतात.

त्या दिवशी कराची आणि मुंबई या दोन्ही ठिकाणच्या टाइड गेजवर लाटेची रेघ उमटली. दोन्ही गेज तेव्हा एकाच सर्व्हे ऑफ इंडियाच्या पद्धतीनं चालत होते. दोनच वर्षांत मधून सीमा गेली. पुढे गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी या दोन रेघा शेजारी ठेवून एक जुनं कोडं सोडवायला घेतलं. पस्नी आणि कराचीला सगळ्यात मोठ्या लाटा पहिल्या नव्हत्या, त्या तासा-दोन तासांनी आणि त्याहूनही उशिरा आल्या. असं का? रेघा आणि संगणकीय प्रतिरूप एकत्र ठेवल्यावर दिसलं की लाटेची ऊर्जा उथळ मंचावर अडकून किनाऱ्याला समांतर फिरत राहिली होती. पहिली लाट ओसरली म्हणून किनाऱ्यावर परतणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं हा जिवावरचा तपशील आहे. मुंबईच्या रेघेत एकट्यानं तो वाचता आला नसता आणि कराचीच्या रेघेतही नाही.

याहून जुनं उदाहरण आहे. ३१ डिसेंबर १८८१ ला कार निकोबारजवळ भूकंप झाला आणि बंगालच्या उपसागराभोवतीच्या टाइड गेजांवर त्सुनामी उमटली. ते कागद जपले गेले. १२० वर्षांनंतर मेक्सिकोतले मोदेस्तो ऑर्तिझ आणि अमेरिकेतले रॉजर बिल्हॅम यांनी त्या रेघांवरून उलटा हिशेब केला. लाटा कुठे कधी पोचल्या, त्यांची उंची किती, यावरून समुद्रतळाचा कुठला तुकडा किती हलला हे काढलं आणि तीव्रता आली ७.९. हा अभ्यास २००३ मध्ये छापून आला. पुढच्याच वर्षी त्याच भेगेच्या पट्ट्यात २६ डिसेंबर उजाडला.

२००४ च्या त्या सकाळी भारतीय वेळेनुसार सहा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी सुमात्राजवळ भेग फाटायला लागली. आठ-दहा मिनिटं ती फाटत राहिली आणि उत्तरेला अंदमानापर्यंत बाराशे-तेराशे किलोमीटर गेली. अमेरिकेच्या हवाई बेटांवरच्या त्सुनामी केंद्रानं पंधरा मिनिटांत पहिला इशारा काढला. त्यात तीव्रता होती ८.०. भूकंपलहरींच्या सुरुवातीच्या भागावरून आकार काढण्याची घाईची रीत इतक्या लांब फाटणाऱ्या भेगेला अपुरी पडते. नोंद पाहणारा हिशेब करून मोकळा होतो, तेव्हा जमीन अजून फाटतच असते. तासाभरानं आकडा ८.५ झाला, खरा त्याहूनही मोठा, ९.१ च्या पुढे. आकड्यांच्या भाषेत ८.० आणि ९.१ मध्ये थोडंच अंतर दिसतं, ऊर्जेत ते चाळीसपटीच्या घरात जातं.

ही चूक पाण्यानं सुधारता आली असती. भूकंपावरून लाटेचा अंदाज येतो, लाट प्रत्यक्ष आहे की नाही हे पाणी मोजूनच कळतं. हिंदी महासागरात तेव्हा टाइड गेज होते. चेन्नई, विशाखापट्टणम, तुतिकोरिन, कोची, आपलं मुरगाव बंदर, सगळीकडे लाट नोंदली गेली. पण त्या नोंदी त्या क्षणी कोणत्याही इशारा केंद्राच्या पडद्यावर नव्हत्या. हवाईतल्या केंद्राला हिंदी महासागरातून पाण्याचा पहिला उपयोगी आकडा मिळाला तो ऑस्ट्रेलियाच्या कोकोस बेटांवरचा, सुमारे अर्धा मीटर, आणि तोही काही तासांनी. तोवर श्रीलंका आणि तमिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त झाला होता. भूकंपानंतर सुमारे दोन तासांनी जेसन-१ हा अमेरिका आणि फ्रान्सचा उपग्रह योगायोगानं बंगालच्या उपसागरावरून गेला आणि खोल समुद्रातली साठेक सेंटिमीटरची लाट त्यानं मोजली. पण ती मोजणी हाती यायला पुढे कित्येक तास लागले. चौदा देशांत सव्वादोन लाखांवर माणसं गेली. लाट श्रीलंकेला पोचायला दोन तास लागले होते आणि सोमालियाला सात.

त्या सात तासांचा विचार आला की आजही पोटात कालवतं. मोजणारं यंत्र होतं, मोजलेला आकडा होता, तो कोणाकडे पाठवायचा हे ठरलेलं नव्हतं.

पुढचं काम वर्तमानपत्रांत फारसं आलं नाही, कारण ते फार कोरडं आहे. जून २००५ मध्ये युनेस्कोच्या आंतरशासकीय समुद्रविज्ञान आयोगानं हिंदी महासागरासाठी समन्वय गट स्थापन केला. हैदराबादचं त्सुनामी इशारा केंद्र ऑक्टोबर २००७ मध्ये सुरू झालं. १२ ऑक्टोबर २०११ ला भारत, ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया यांनी सगळ्या हिंदी महासागराला इशारे पुरवण्याची जबाबदारी उचलली. तोवर हवाई आणि जपानची केंद्रं ते काम सांभाळत होती. त्यांनी एकदम हात काढला नाही, मार्च २०१३ अखेरपर्यंत समांतर इशारे दिले. तीन केंद्रं कशाला, असं वाटेल. एकाच भूकंपाला तिन्ही जण स्वतंत्र हिशेब करतात आणि बाकीच्या देशांना तिन्ही उत्तरं मिळतात. एकाचं संगणक केंद्र किंवा दळणवळण बंद पडलं तरी दोन उरतात. हैदराबादच्या केंद्रानं लाटेच्या गणितासाठी जे प्रतिरूप वापरलं, ते जपानच्या तोहोकु विद्यापीठात तयार झालेलं. जपाननं ते १९९० च्या दशकातच इतर देशांना शिकवायला आणि वाटायला घेतलं होतं.

टाइड गेजपुरता बदल असा झाला. आधी पंधरा मिनिटांची सरासरी तासाला एकदा गेली तरी चालायचं. आता पाणी दर मिनिटाला मोजायचं आणि दर पंधरा मिनिटांत उपग्रहावरून पाठवायचं. भूकंपाच्या पट्ट्याजवळचं बंदर असेल तर दर पाच मिनिटांत. त्सुनामीच्या एका लाटेला दहा ते चाळीस मिनिटं लागतात. पंधरा मिनिटांच्या सरासरीत तिचा माथा आणि खळगा एकमेकांत मिसळून नाहीसे होतात. म्हणून मिनिट. हे आकडे हवामान खात्यांच्या जागतिक जाळ्यावरून सगळीकडे जातात आणि बेल्जियममध्ये ओस्टेंडला चालणाऱ्या एका संकेतस्थळावर जगभरच्या गेजांच्या रेघा कोणालाही पाहता येतात.

वाचायला हे सोपं वाटतं. पण यात प्रत्येक देशानं एक अवघड गोष्ट मान्य केली आहे. आकडा तपासण्याआधी, त्याचा अर्थ लागण्याआधी, कच्चाच बाहेर द्यायचा. कुठल्याही सरकारी कार्यालयाची रीत याच्या उलट असते. आधी तपासू, वरिष्ठांची सही होऊ दे, मग देऊ. काही देशांत बंदराच्या पाण्याची नोंद ही संरक्षणाची बाब मानली जाते. भूकंपमापकाच्या नोंदीतून अणुचाचणीही ओळखू येते, त्यामुळे ती देताना हात आणखीच आखडतात. आणि कच्च्या आकड्यात चुका असतात, त्या जगाला दिसतात. गेजखाली बांधलेली होडी सगळ्या जगाला दिसते. हा कमीपणा पत्करायला मन मोठं लागतं.

कच्चा आकडा एकट्यानं फसवतोही. प्रत्येक बंदराची स्वतःची डुचमळ असते. बादली हलवली की पाणी जसं आपल्या लयीत हिंदकळतं, तसं बंदराचं पाणी वाऱ्याच्या झोतानं किंवा हवेचा दाब एकाएकी बदलल्यानंही वीस-तीस मिनिटांच्या लयीत हिंदकळत राहतं. एका गेजच्या रेघेवर ही डुचमळ आणि लहान त्सुनामी सारखीच दिसते. शेजारच्या बंदरातही तीच हालचाल ठरल्या वेळी पोचली का, यावरूनच फरक कळतो. ११ एप्रिल २०१२ ला सुमात्राच्या पश्चिमेला ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. आकडा धडकी भरवणारा होता, इशारे निघाले, किनारे रिकामे व्हायला लागले. पण तो भूकंप आडव्या सरकण्याचा होता, समुद्रतळ फारसा वर उचलला गेला नव्हता. गेजांवर आणि खोल समुद्रातल्या दाबमापकांवर लहान लाटा दिसल्या, तेव्हा काही तासांत इशारे मागे घेता आले. माणसांना घरी परत जा म्हणण्याची जबाबदारीही याच आकड्यांवर असते आणि माझ्या मते ती जास्त कठीण आहे.

उलट उदाहरण २२ डिसेंबर २०१८ चं. इंडोनेशियात अनाक क्राकाताऊ ज्वालामुखीची एक बाजू समुद्रात कोसळली. मोठा भूकंप नव्हता, म्हणून भूकंपावर बेतलेली यंत्रणा जागीच झाली नाही. सुंदा सामुद्रधुनीतल्या टाइड गेजांवर लाट उमटली, पण त्या रेघा पाहून इशारा काढायची व्यवस्था नव्हती. चारशेहून अधिक माणसं गेली. आणि जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळच्या ज्वालामुखीनं हवेतच दाबाची लाट उठवली, तेव्हा भूमध्य समुद्र आणि कॅरिबियन समुद्रातल्या गेजांवरही हालचाल दिसली, पाण्यातून लाट पोचण्याच्या कितीतरी आधी. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलनं बदलला की समुद्र साधारण एक सेंटिमीटरनं वरखाली होतो, हा पाठ्यपुस्तकातला नियम. पण दाबाची लाट पाण्याच्या लाटेच्या वेगानं धावली तर ती पाण्याला झोपाळ्यासारखी झोके देत जाते आणि एकाचे कैक सेंटिमीटर होतात.

आता त्याच नळीतला दुसरा काळ, वर्षांचा आणि शतकांचा.

मुंबईच्या अपोलो बंदरावरची समुद्रपातळीची मालिका १८७८ पासूनची आहे. हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या मालिकांपैकी ही एक. लिव्हरपूलला १९३३ पासून समुद्रपातळीची एक कायम नोंदसेवा चालते. जगभरच्या बंदरांच्या मासिक आणि वार्षिक सरासऱ्या तिथे जमा होतात. तिथली एक युक्ती मला फार आवडते. प्रत्येक बंदराचा शून्य वेगळा, कोणाचा नीचतम ओहोटीचा, कोणाचा धक्क्याच्या पायरीचा. ते प्रत्येक मालिकेसाठी जमिनीवरच्या पक्क्या खुणेवरून असा आधार ठरवतात की सरासरी समुद्रपातळी ७००० मिलिमीटरच्या आसपास येईल. इतका खालचा आधार घेण्याचं कारण साधं आहे. जुन्या काळी हातानं हिशेब करताना उणे आकडे येऊ नयेत.

हे सगळं त्या पक्क्या खुणेवर अवलंबून असतं. मोजणीवाले तिला बेंचमार्क म्हणतात. दगडात किंवा काँक्रीटमध्ये बसवलेली पितळेची अथवा लोखंडाची गुंडी. गेज बदलतात, रडार येतं, खांब गंजतो, धक्का नवा बांधतात. नव्या-जुन्याला जोडून ठेवते ती खूण. म्हणून एकच खूण ठेवत नाहीत, काही शे मीटरच्या टापूत अनेक ठेवतात. दर वर्षी दुर्बीण आणि पट्टी घेऊन एकीवरून दुसरीवर लेव्हलिंग करत जायचं, गेजपर्यंत पोचायचं आणि परत यायचं. जाता-येताना मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या आत जुळलं तर ठीक, नाहीतर पुन्हा. रस्ता रुंद करताना खूण उखडली आणि कोणी नोंद केली नाही, तर शंभर वर्षांच्या मालिकेचे दोन तुकडे होतात आणि ते पुन्हा कधीच जोडता येत नाहीत. यंत्र बिघडलं तर नवं घेता येतं, पण गेलेल्या वर्षाचं पाणी परत मोजायला मिळत नाही.

मुंबईच्या मालिकेत वाढ दिसते ती वर्षाला सरासरी एक मिलिमीटरच्या आसपास. ही वाढ कोणाची? इथेही वजाबाकी करावी लागते. जमीन खचत असेल तर समुद्र वाढल्यासारखा दिसतो. बँकॉक आणि मनिलात भूजल उपसल्यानं जमीन खचली आणि तिथले गेज वर्षाला दहा मिलिमीटरहून अधिक वाढ दाखवत राहिले. २००४ च्या भूकंपात पोर्ट ब्लेअरची जमीनच सुमारे मीटरभर खाली गेली, खुणेसकट. म्हणून आता गेजशेजारी उपग्रहांवरून स्वतःची उंची मोजणारा जीएनएसएस ग्राहक बसवतात. गेज सांगतं समुद्र जमिनीच्या मानानं किती चढला, ग्राहक सांगतो जमीन पृथ्वीच्या केंद्राच्या मानानं किती हलली.

त्यानंतर पाऊस. गोव्याच्या संस्थेतले शंकर आणि शेटये यांनी १९९९ मध्ये दाखवलं की मुंबईच्या समुद्रपातळीचे दशकादशकांचे चढउतार मोसमी पावसाच्या चढउतारांशी जुळतात. पावसाची दशकं आली की नद्यांचं गोडं पाणी किनाऱ्याला जास्त येतं, खारटपणा घटतो, पाणी हलकं होऊन वर उठतं. विहिरीत जी चूक दहा सेंटिमीटरची, तीच गोष्ट किनाऱ्याच्या पातळीवर निसर्ग स्वतः करतो. मग वारा. मग ग्रीनलंडचं बर्फ. ते वितळलं की तिथल्या बर्फाचं गुरुत्वाकर्षण कमी होतं, त्याच्या भोवतीचा समुद्र चक्क उतरतो आणि ते पाणी दूर इकडे चढतं. ग्रीनलंडजवळचा गेज मुंबईच्या गेजचा अर्थ सांगतो, तो असा.

१९९२ मध्ये अमेरिका आणि फ्रान्स यांचा टोपेक्स-पोसायडन उपग्रह गेला, मग जेसन मालिका, २०१३ मध्ये भारत-फ्रान्सचा सरल. दर दहा दिवसांनी जवळजवळ सगळा समुद्र मोजला जाऊ लागला आणि जागतिक वाढ वर्षाला तीन मिलिमीटरहून अधिक निघाली. मग धक्क्यावरच्या नळ्या हव्यात कशाला? १३०० किलोमीटर उंचीवरून मिलिमीटर मोजणारं यंत्र हळूहळू सरकलं तर ते कोण ओळखणार? ते ओळखलं गेजांनी. बेटाबेटांवरच्या, देशोदेशींच्या गेजांच्या बाक्या उपग्रहाच्या आकड्यांशेजारी ठेवल्यावर दिसलं की टोपेक्सच्या पहिल्या सहा वर्षांत यंत्र थोडं सरकत होतं आणि वाढ जास्त दाखवत होतं. ती चूक काढल्यावर आधीची वाढ कमी झाली, आणि नंतरच्या वर्षांत वाढीचा वेगच वाढतो आहे हे स्पष्ट दिसू लागलं. अब्जावधी रुपयांच्या उपग्रहाला गंजक्या खांबावरच्या गेजनं सावरलं.

अजून पुष्कळसं कागदावरच आहे. कितीतरी देशांच्या कपाटांत टाइड गेजचे रोल गुंडाळून पडलेत, दमट हवेत शाई पसरते आहे, वाळवी लागते आहे. त्यांचे आकडे करायचं काम चिकाटीचं आहे. रोल सपाट करून मोठ्या स्कॅनरवर घ्यायचा, रेघ पकडणारी संगणक प्रणाली चालवायची, जिथे दुसऱ्या दिवशीची रेघ पहिल्या दिवशीच्या रेघेला छेदते तिथे माणसानं बसून त्या वेगळ्या करायच्या. लिव्हरपूलजवळच्या गेजांच्या जुन्या हस्तलिखित वह्या हजारो स्वयंसेवकांनी घरी बसून आकड्यांत उतरवल्या. तसं काम आपल्याकडे करणारे हात मिळतील, याची मला खात्री आहे.

रेघ पकडून झाली की सगळ्यात महत्त्वाचं समासात शोधायचं असतं. रोल बदलताना गेजवाल्यानं पेन्सिलीनं लिहिलेलं: तारीख, खरी वेळ, यंत्राच्या घड्याळाची वेळ आणि त्या क्षणी धक्क्यावरच्या पट्टीवर दिसलेली पाण्याची पातळी. चार आकडे. ते असतील तर रेघेचं घड्याळ सुधारता येतं, तिचा शून्य बेंचमार्कशी जोडता येतो आणि ती कराचीच्या रेघेशेजारी ठेवता येते.